खेळाडूला शिक्षा नाही, पण खातं गोठलेलं: लालबागमधलं एक प्रकरण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो माझ्या गाळ्यात आला तेव्हा त्याच्या हातात बँक स्टेटमेंटची अकरा पानं होती आणि त्यातल्या दोन नोंदींना लाल पेनाने गोल केलेले होते. लालबागमध्ये माझ्याकडे लोक रिटर्न भरायला येतात, फार तर भाडेकरार नोंदवायला. डिसेंबर तसा रिकामाच जातो. "काका, पगार जमा होतो, पण काढता येत नाही," एवढंच तो म्हणाला आणि पानं टेबलावर ठेवली.

प्रकरण आहे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचं आणि त्यांच्यावर बंदी आल्यानंतर काय झालं त्याचं. ते त्याच्या संमतीने लिहितो आहे. त्याचं नाव, कंपनी, बँक, ॲप, सगळं गाळलं आहे. आकडे थोडे फिरवले आहेत, पण हिशोब मोडणार नाही इतपतच.

वय ३४. भिवंडीच्या एका गोदामात स्टोअर सुपरवायझर, हातात ४१,००० पडतात. घरी आई, बायको आणि पहिलीतली मुलगी. वडील गिरणीत होते आणि १९८२ च्या संपात जे लालबागमधल्या घराघरांत झालं तेच त्यांच्याही घरात झालं. तो व्यसनी दिसत नाही. दिसायला हवा असं आपल्याला उगाच वाटत असतं.

आधीचा हिशोब

तो रमी खेळतो हे मला माहीत होतं, आणि त्याने सांगितलं म्हणून नव्हे. २०२४-२५ चं रिटर्न भरताना आयकर खात्याच्या एआयएसमध्ये, म्हणजे करदात्याच्या वर्षभराच्या व्यवहारांच्या यादीत, नोंद दिसली: ऑनलाइन गेममधली निव्वळ जिंकलेली रक्कम २२,०००, त्यावर ३० टक्क्यांनी कापलेला टीडीएस ६,६००, आणि शेजारी कंपनीचं नाव. एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन गेमच्या कमाईसाठी आयकरात ११५बीबीजे आणि १९४बीए ही वेगळी कलमं आली, त्यामुळे हे आपोआप दिसतं. मी तेव्हा विचारलं, "काय रे, पत्ते?" तो हसला. मीही विषय सोडून दिला. आता वाटतं, सोडायला नको होता.

पुढच्या वर्षी, म्हणजे एप्रिल २०२५ ते २२ ऑगस्ट २०२५ या काळात, त्याने त्या ॲपमध्ये १,८६,००० भरले आणि १,३१,५०० काढले. ५४,५०० चा खड्डा. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, तो रकमेच्या आतच धरला तर त्याच्या १,८६,००० पैकी ४०,६८७ रुपये कराचे होतात. "म्हणजे मी सरकारकडेच हरलो," असं तो म्हणाला. ते तितकंसं खरं नाही, कारण अशा ॲपवर कराएवढी रक्कम बोनस म्हणून खेळायला परत टाकली जायची. पण बोनस खेळायला मिळतो, खिशात घालायला नाही. त्यामुळे पूर्ण खोटंही नाही.

हे सगळं तेव्हा कायदेशीर कसं होतं? त्याचं मूळ आपल्या मुंबईतच आहे. १९५७ साली चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरून कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा फरक केला. जुगार हा धंदाच नाही म्हणून त्याला व्यापारस्वातंत्र्याचं संरक्षण नाही, पण जिथे मुख्यतः कौशल्य लागतं तो जुगार नाही. पुढे रमी, घोड्यांच्या शर्यती या भेदाच्या आधाराने तरल्या. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फँटसी क्रिकेटलाही कौशल्याच्या बाजूला ठेवलं. ॲपवाले जाहिरातीत "गेम ऑफ स्किल" म्हणायचे त्यामागे ही अडुसष्ट वर्षांची भिंत होती.

पोळ्याचा दिवस

ती भिंत तीन दिवसांत गेली. २० ऑगस्ट २०२५ ला विधेयक लोकसभेत मांडलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. ऑनलाइन गेमिंगला प्रोत्साहन आणि नियमन असं नाव असलेल्या या कायद्यात पैशांच्या खेळाची व्याख्याच अशी केली की खेळ कौशल्याचा, नशिबाचा किंवा दोन्हींचा असो, पैसे लावून पैसे मिळण्याची अपेक्षा असली की तो बंद. ई-स्पोर्ट्स आणि पैशांशिवायचे खेळ वेगळे ठेवले. सरकारने दिलेलं कारण असं की अंदाजे ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात. महाराष्ट्रात तर जुलैतच विधान परिषदेतल्या मोबाइलवरच्या रमीच्या व्हिडिओवरून गदारोळ झाला होता. संबंधित मंत्र्यांनी आपण खेळत नव्हतो असं सांगितलं, पण रमी हा शब्द महिनाभर बातम्यांतून हलला नव्हता.

शिक्षा कोणाला, हे नीट बघण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाख. पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला पुन्हा तीन वर्षं आणि एक कोटी. खेळणाऱ्याला काही नाही. तो बळी आहे, अशी सरकारची भूमिका.

कायदा कधीपासून लागू होणार ते अधिसूचनेवर सोडलं होतं, पण कंपन्या थांबल्या नाहीत. २२ तारखेला पोळा होता. त्या संध्याकाळी त्याने ॲप उघडलं तर टेबलं गायब, एक निरोप फक्त: पैसे भरणं बंद, शिल्लक काढून घ्या. त्याची ३,४८० शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी खात्यात आली.

आणि इथे एक गोष्ट लिहिली नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. त्यानंतर पाच-सहा आठवडे तो काहीही खेळला नाही. २७ ऑगस्टला गणपती बसले, तो मंडळाच्या रांगेच्या व्यवस्थेत रात्री जागला, मेहुण्याचे १५,००० फेडले. बायको म्हणाली, "काका, तेव्हा हा जेवताना समोर बघून जेवायचा." बंदीचा उपयोग होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हे वाक्य सांगतो.

आयडी

दसऱ्यानंतर गोदामातल्या एका ड्रायव्हरने त्याला नंबर दिला. व्हॉट्सॲपवर "हाय" पाठवायचं, ५०० रुपये टाकायचे, दोन मिनिटांत आयडी आणि पासवर्ड. रमीच्या ॲपने पॅन मागितलं होतं, आधार मागितलं होतं, सेल्फी घेतला होता. इथे नावसुद्धा नाही विचारलं. त्याला त्याचं बरं वाटलं. मी ऐकतानाच घाबरलो.

आत काय होतं? अंदर-बाहर, तीन पत्ती, रुलेट, समोर खरोखरची मुलगी पत्ते वाटते आहे असं लाइव्ह चित्र. आणि तो विमानाचा खेळ: विमान वर चढतं, आकडा वाढत जातो, उडून जायच्या आत बाहेर पडायचं. रमीत हात लावायला दहा मिनिटं जातात. विमान दहा सेकंदांतही उडून जातं. त्यामुळे तासाभरात किती वेळा हरता येतं याचं गणितच बदलतं. या एका फरकावर कोणी फारसं बोलत नाही, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कौशल्याच्या नावाखाली का होईना, रमीत निदान विचार करायला वेळ होता.

साइटच्या तळाशी कुरासाओचा परवाना म्हणून एक शिक्का होता. कुरासाओ म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं बेट. जगातल्या कितीतरी ऑनलाइन कॅसिनोंचा कागदोपत्री पत्ता तिथला असतो. तिथेही २४ डिसेंबर २०२४ पासून नवा जुगार कायदा आला आणि एका मोठ्या परवान्याखाली शेकडो पोटपरवाने वाटायची जुनी पद्धत मोडीत निघाली. आम्ही त्या शिक्क्यावर क्लिक केलं. ते नुसतं चित्र होतं. खरा परवाना असता तरी भारतात त्याला किंमत नाही, कारण आपला कायदा परदेशातून चालवून इथे पुरवलेल्या खेळांनाही लागू आहे. साइट ब्लॉक होते, दोन दिवसांत नावात एक आकडा वाढवून परत उगवते, आणि नवी लिंक व्हॉट्सॲपवर येते.

सात आठवड्यांत त्याने २३ वेळा पैसे भरले, एकूण ७२,०००. हे पैसे गेले १७ वेगवेगळ्या खात्यांत. एकदा किराणा दुकान, एकदा मोबाइल दुरुस्ती, एकदा कुठल्यातरी बाईंचं नाव. दर वेळी एजंट नवा क्यूआर पाठवायचा आणि लिहायचा, "जुना नंबर चालवू नका." परत आले दोनदा: आधी ९,०००, नंतर ५८,०००. म्हणजे इथेही ५,००० चा तोटाच, पण ५८,००० आले त्या दिवशी तो स्वतःला जिंकलेला समजत होता.

त्याच्या वडिलांच्या पिढीने इथेच मटका खेळला. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या ओपन-क्लोजवर सुरू झालेला तो आकडा १९६१ नंतर मडक्यातल्या चिठ्ठ्यांवर आला आणि गिरणगावात घरोघरी पोचला. मी त्याचं कौतुक करत नाही, पगाराची पाकिटं कशी रिकामी व्हायची ते मी पाहिलं आहे. पण चिठ्ठी घेणारा माणूस नाक्यावर बसायचा. त्याला तोंड होतं. पेमेंट चुकलं तर त्याच्या घरी जाता यायचं. इथे २३ वेळा पैसे देऊनही कोणाला दिले हे याला सांगता येत नव्हतं.

लाल गोल

ते दोन गोल म्हणजे १९ नोव्हेंबरच्या नोंदी: ४०,००० आणि चार मिनिटांनी १८,०००. दोन वेगळ्या खात्यांतून, मिळून ते ५८,०००. २८ नोव्हेंबरला खात्यावर डेबिट फ्रीज. ३० ला पगार जमा झाला आणि आतच राहिला. ५ डिसेंबरला गृहकर्जाचा हप्ता बाउन्स, ५९० रुपये दंड.

झालं होतं असं. परराज्यात कोणालातरी फसवून ऑनलाइन पैसे काढून घेतले गेले. त्या फसलेल्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. मग ते पैसे कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात गेले याची साखळी लावली जाते. पोलिसांच्या भाषेत लेअर. पहिला लेअर, दुसरा लेअर. याचं खातं तिसऱ्या लेअरमध्ये होतं. कॅसिनोचा एजंट जिंकलेल्याला पैसे देतो ते कॅसिनोच्या तिजोरीतून देत नाही, भाड्याने घेतलेल्या खात्यांतून देतो, आणि त्या खात्यांत दुसऱ्या कुठल्याही फसवणुकीचा पैसा येऊन पडलेला असतो. आमच्या पोराला मिळालेले ४०,००० हे विमानातून आले नव्हते. ते कोणाच्यातरी खात्यातून चोरलेले होते.

त्याने शाखेत जाऊन सांगितलं, "मित्राने उसने परत केले." ही सगळ्यात मोठी चूक. आठवड्याभरात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खालची नोटीस ईमेलवर आली: पैसे पाठवणाऱ्याशी तुमचा संबंध काय, कागद द्या. त्या मित्राचं नावही याला स्टेटमेंट बघूनच कळलं होतं. माझ्याकडे तो आला तो या टप्प्यावर.

खेळाडू कुठे संपतो

माझी भाची माझगाव कोर्टात वकिली करते. तिला बोलावलं. तिने त्याचा फोन मागितला आणि अर्धा तास काही न बोलता चॅट वाचत बसली. मग तिने विचारलं, "हे कोणाला पाठवलंस?"

ती रेफरल लिंक होती. "माझ्या लिंकवरून आयडी घ्या, ५०० फ्री." बिल्डिंगच्या मुलांच्या ग्रुपवर आणि गोदामाच्या ग्रुपवर त्याने टाकली होती, कारण प्रत्येक नव्या आयडीमागे त्यालाही ५०० मिळत होते. तिघांनी घेतले. त्याच्या लेखी ही मित्रांना दिलेली टीप. कायद्याच्या शब्दांत कोणत्याही माध्यमातून, थेट किंवा आडून, लोकांना पैशांचा खेळ खेळायला लावणारी जाहिरात करणं किंवा तिच्यात सामील होणं हा गुन्हा आहे, आणि त्यात "कोणतीही व्यक्ती" असं लिहिलं आहे. फक्त नट-क्रिकेटपटू असं नाही.

त्याखाली आणखी एक निरोप होता, एजंटचा. "दादा, घरात कोणाचं खातं पडून आहे का? महिन्याला १०,००० देतो, एटीएम कार्ड आणि सिम फक्त." याच्या उत्तरात त्याने लिहिलं होतं: "आईचं पेन्शनचं आहे. विचारतो."

भाचीने फोन टेबलावर ठेवला. "दिलं?"

"नाही. आई गावाला गेली होती."

त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मला त्या क्षणी राग आला. आई गावाला गेली होती म्हणून वाचला. खातं दिलं असतं तर तो खेळाडू उरला नसता. पैशांचे व्यवहार करून देणारी "अन्य कोणतीही व्यक्ती" झाला असता, तीन वर्षं आणि एक कोटीच्या कलमात. हा गुन्हा दखलपात्र आहे आणि अजामीनपात्रही. आणि खातं त्याचं नव्हे, ७० वर्षांच्या बाईचं.

मला या प्रकरणात दिसतं ते असं. कायद्याने खेळाडूला बळी मानून बाजूला ठेवलं, ते मला योग्यच वाटतं. पण ज्या अंधारातल्या कॅसिनोंकडे तो आता जातो त्यांना ना बँक आहे, ना जाहिरातीचं होर्डिंग. बँक म्हणून ते खेळाडूची खाती वापरतात आणि होर्डिंग म्हणून त्याचा व्हॉट्सॲप. जुनी कंपनी त्याच्याकडून फक्त पैसे घेत होती. या लोकांना तो नोकरीला हवा असतो. बळी आणि आरोपी यांच्यामधली रेघ कायद्याच्या पुस्तकात ठळक आहे, व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये ती दोन निरोपांएवढीच जाड होती.

तो म्हणाला, "मग सगळं डिलीट करतो." भाची खुर्चीतून उठलीच. काहीही पुसायचं नाही, ग्रुपवर नवीन काही टाकायचं नाही, एजंटला उत्तर द्यायचं नाही. त्या तिघांना मात्र प्रत्यक्ष भेटून थांबायला सांगायचं. तेवढं त्याने केलं. दोघांनी ऐकलं. तिसरा म्हणाला, गोव्याला जाऊ, मांडवीतल्या बोटीवर सगळं कायदेशीर आहे. त्या वाक्यात चूक काढता येत नाही हीही एक गंमतच. तशी तर महालक्ष्मीची रेसही चालू आहे आणि राज्याची लॉटरीही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या ४० टक्के जीएसटीच्या यादीत बंदी घातलेला ऑनलाइन पैशांचा खेळ लॉटरीच्या शेजारीच लिहिलेला आहे.

अर्ज

"कॅसिनोवर केस करता येणार नाही का?" हे त्याने दोनदा विचारलं. तोट्याच्या ५,००० साठी नव्हे, फसवलं म्हणून. नाही करता येणार. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार निरर्थक, जिंकलेलं मागायला कोर्टात जाता येत नाही. शिवाय जुन्या मुंबई इलाख्याच्या १८६५ च्या कायद्यामुळे आपल्याकडे पैजेला जोडून केलेले करारही निरर्थक. म्हणजे पैजेसाठी उसने दिलेलेही गेले. आणि केस कोणावर करायची, त्या चित्रावर?

मग दोन पत्रं केली. पहिलं बँकेला: कोणत्या तक्रारीवरून, कोणत्या पोलीस ठाण्याच्या सांगण्यावरून, किती रकमेसाठी खातं रोखलं ते लेखी द्या, वादग्रस्त रकमेपुरताच होल्ड ठेवून बाकीचं खातं मोकळं करा, आणि आधी तोंडी सांगितलेलं कारण चुकीचं होतं. दुसरं तपास अधिकाऱ्याला, खरं उत्तर: हे पैसे एका ऑनलाइन कॅसिनोच्या एजंटकडून आले, पाठवणाऱ्याला मी ओळखत नाही, सोबत २३ व्यवहारांची यादी, क्यूआरचे फोटो, एजंटचा नंबर. खरं लिहायला तो दोन दिवस घाबरत होता. भाचीचं म्हणणं सरळ होतं: खेळणं या केंद्रीय कायद्यात गुन्हा नाही, पोलिसांना खोटं सांगून स्वतःला चोराचा मित्र ठरवणं मात्र महागात पडेल. राज्याचा १८८७ चा जुगार कायदा आहे, पण तो मुख्यतः अड्ड्यासाठी लिहिलेला, चार भिंती आणि त्यात सापडलेली माणसं डोळ्यांसमोर ठेवून.

अधिकाऱ्याने फोन केला. आवाज थकलेला होता, चिडलेला नव्हता. ज्याचे पैसे गेले तो मला दिवसाआड फोन करतो, तुम्ही पहिल्यांदाच करताय, असं हिंदीत म्हणाला. आमच्या पोराने त्यानंतर ते ४०,००० परत मागायचा विषय काढला नाही.

खातं ३७ दिवसांनी उघडलं. बँकेने होल्ड ४०,००० वर आणला, बाकीचं मोकळं केलं. तोवर दोन हप्ते बाउन्स झाले, सिबिल घसरला, आणि घर चाललं ते बायकोच्या भिशीवर. तिने त्याच दिवसांत टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, १४४१६ वर फोन लावला. नवऱ्याने नाही, तिने. तीन वेळा बोलल्यावर मग तो स्वतः बोलला.

माझं काम अजून उरलं आहे. आयकराला खेळ कायदेशीर की बेकायदेशीर याच्याशी देणंघेणं नाही, निव्वळ जिंकलेलं दाखवायचं. याच्या बाबतीत ते शून्य. पण रमीच्या कंपनीचा हिशोब एआयएसमध्ये बसतो तसा कॅसिनोकडून परत आलेल्या या ६७,००० चा बसणार नाही. अनोळखी खात्यांतून आलेली जमा उद्या कोणी विचारली आणि खुलासा पटला नाही, तर २०२५-२६ मधल्या अशा रकमेवर अधिभार-उपकर धरून ७८ टक्के कर लागतो. त्यावर माझ्याकडे पुरावा म्हणून आहे ती त्याने स्वतःच्या हाताने वहीच्या कागदावर लिहिलेली यादी: तारीख, रक्कम, कोणाच्या नावाचा क्यूआर. सतरा नावं आहेत. त्यातली चार त्याला वाचता आली नाहीत, स्क्रीनशॉट धूसर आहेत.

ती यादी मी त्याच्या फाइलला टाचून ठेवली आहे. रिटर्न जुलैत भरायचं आहे.